जुनी पुंटो इव्हो डिझेल: किंमत, सुटे भाग आणि दुरुस्तीचा हिशेब

फियाटची भारतातील विक्री थांबून काही वर्षे झाली आहेत, त्यामुळे जुनी पुंटो इव्हो घ्यावी का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक लोक ‘पार्ट मिळत नाहीत’ एवढ्या तीन शब्दांत देतात. २०१५ सालची, १.३ मल्टीजेट डिझेल इंजिनाची पुंटो मी पुण्यात तिच्या मूळ मालकाकडून घेतली आणि पावसाळा, उन्हाळा, शहरातील रोजची गर्दी व कोल्हापूरपर्यंतचा महामार्ग अशा सर्व प्रकारे वापरली. या काळात झालेला खर्च समोर ठेवून सांगतो, की ते उत्तर अर्धेच खरे आहे. कोणता अर्धा भाग खरा आहे, हे गाडी घेण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे.

या गाडीचे १२४८ सीसीचे इंजिन एकट्या फियाटचे राहिले नाही. हेच इंजिन परवान्याखाली मारुतीने स्विफ्ट, डिझायर, रिट्झ या गाड्यांत दिले आणि टाटाच्या इंडिका व्हिस्टातही ते आले. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या असल्या, तरी रस्त्यावर हे इंजिन अजून मोठ्या संख्येने धावते आहे आणि जवळपास प्रत्येक पेठेतील मेकॅनिकचा त्यावर हात बसलेला आहे. त्यामुळे इंजिनाच्या कामासाठी मला कोणा खास जाणकाराला शोधत फिरावे लागले नाही. मात्र ही समानता गृहीत धरून थेट स्विफ्टचा भाग विकत आणू नये. गिअरबॉक्स वेगळा असल्यामुळे क्लचप्लेट, तसेच इंजिनाचे माउंटिंग आणि वायरिंग यांबाबत पार्ट नंबर जुळवूनच पैसे द्यावेत.

गाडी पाहताना मी सर्वाधिक वेळ थंड इंजिन सुरू करून ऐकण्यात घालवला. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसून चेन असते, आणि ऑइल बदलायला सतत उशीर झालेला असेल तर चेन व तिला ताणून धरणारा टेन्शनर झिजून सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखडाट होतो. विक्रेत्याने तुम्ही पोहोचण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर त्या दिवशी व्यवहार न करता दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे, असे माझे ठाम मत आहे. माझ्या गाडीत चेनचा आवाज नव्हता आणि सर्व्हिसच्या पावत्याही सलग होत्या. ओडोमीटरवरील आकड्यापेक्षा मी त्या पावत्यांना जास्त महत्त्व दिले.

खरा खर्च सस्पेन्शनवर झाला, आणि तो अपेक्षितच होता. गाडी लिफ्टवर घेऊन मेकॅनिकने लोअर आर्मपाशी (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यापाशी) पहार लावली, तेव्हा त्याच्या सांध्यातील बुशचे रबर कडेने फाटून धातूपासून सुटलेले स्पष्ट दिसले. दहा वर्षे आपल्या रस्त्यांवर चाललेल्या कोणत्याही गाडीत हे होणारच. त्याच पाहणीत लिंक रॉड आणि पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बरही बदलायला आल्याचे कळले, म्हणून या सर्व कामाचा अंदाज लिहून घेऊन मी तो किमतीच्या बोलणीत मांडला आणि मालकाने तेवढी रक्कम कमी केली. नाना पेठेतील दुकानदाराने लोअर आर्मचे दोन खोके काउंटरवर ठेवले, एक नावाजलेल्या उत्पादकाचा आणि एक निम्म्याहून कमी किमतीचा. स्वस्त आर्मचे रबर अंगठ्याने दाबताच खचत होते. हा भाग बसवण्याची मजुरी दोन्हींसाठी सारखीच लागते आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंटही करावी लागते, त्यामुळे स्वस्त भाग लवकर गेला तर तो खर्च दुसऱ्यांदा होतो. मी महाग आर्म घेतला आणि तो अजून घट्ट आहे.

‘पार्ट मिळत नाहीत’ हे म्हणणे खरे ठरते ते बॉडीच्या भागांबाबत. एका दुचाकीच्या धडकेने माझा हेडलाइट फुटला, तेव्हा नवी असेंब्ली पुण्यात मिळाली नाही. शेवटी मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या मालातून, काच पिवळी न पडलेला हेडलाइट निवडून आणावा लागला. गाडी तोवर उभी राहिली. हा उभे राहण्याचा काळ कोणत्याही बिलात दिसत नाही, पण ज्याच्या घरी दुसरे वाहन नाही त्याने तो किमतीत धरलाच पाहिजे. म्हणून पुंटो घेताना दिवे, बंपर, आरसे आणि दरवाजांच्या काचा शाबूत असलेली गाडी थोडी महाग मिळाली तरी घ्यावी. इंजिनातील किरकोळ काम पुढे करता येते.

विम्याचा मुद्दा बरेच जण विसरतात. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि गाडी दहा वर्षांहून जुनी असेल तर धातूच्या भागांवरही तेवढाच. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारे संरक्षण, सहसा मिळत नाही. म्हणजे बंपर बदलला तर निम्मा खर्च आपलाच. दुरुस्तीचे जुने अंदाजपत्रक हाती असेल तर तेही तपासून घ्यावे, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता.

चालवायला गाडी अतिशय समाधान देते. दोन हजार आरपीएमच्या खाली टर्बो जागा होत नाही, त्यामुळे खंबाटकीच्या चढावर मालवाहू ट्रकमागे अडकल्यास गिअर उतरवावा लागतो. पण वेग घेतल्यावर स्टिअरिंगमधला भक्कमपणा आणि वळणावरची पकड या किमतीत दुसऱ्या गाडीत मला मिळाली नाही.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असल्याने माझ्या गाडीला २०३० मध्ये फेरनोंदणी आणि हरित कर लागेल. त्यामुळे आता करायचे प्रत्येक मोठे काम मी उरलेल्या वर्षांवर विभागून पाहतो. टायर आणि क्लच या हिशेबात बसतात व ते मी करणार आहे. संपूर्ण गाडीला नवा रंग देणे त्यात बसत नाही, ते करणार नाही.