पक्ष्यांची गरम पेटी: साडेतीन हजार वाया गेले का? आमच्या चिंगीवर वापरून सांगतोय

सगळं वाचायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी निकाल आधीच देतो. आजारी पक्ष्याला उबेत ठेवायची ही पेटी चांगली आहे, पाचपैकी साडेतीन स्टार, दीड कशाचा कापला ते खाली येईलच. आणि घेणार असाल तर शंभर-दीडशेचा साधा डिजिटल थर्मामीटर वेगळा घ्या, कारण पेटीच्या पुढं जो लाल आकडा दिसतो तो पेटीचा आहे, तुमच्या पक्ष्याचा नाही.

वस्तू काय आहे तर ऑनलाइन 'बर्ड हॉस्पिटल केज' नाहीतर 'ब्रूडर' टाकलं की ढिगानं दिसतात त्यातलीच एक. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पेटी, मागच्या भिंतीला वरच्या बाजूला हीटरची प्लेट, तिथंच छोटा पंखा, पुढं बटणं, खाली ओढून काढायचा ट्रे. कंपनीचं नाव कुठंच नाही, खोक्यावर नुसती चिनी अक्षरं नि एका पोपटाचं चित्र. साडेतीन हजाराच्या आसपास पडली. खोकं उघडताना शेजारचे काका कठड्यावरनं बघत होते, म्हणाले, "आरं पाचशेच्या पाकराला साडेतीन हजाराची पेटी? तेवढ्यात कळप आला असता की!" हिशोब बरोबर आहे काकांचा, त्यावर काय बोलणार.

झालं असं की आमच्याकडं झेब्रा फिंचची जोडी आहे, पिंट्या आणि चिंगी. पिंट्याचे गाल केशरी, चोच लालभडक, दिवसभर तुतारी चालू. चिंगी साधी करडी. पिंजऱ्यात नारळाच्या काथ्याचं घरटं टांगलेलं असतं ना, सगळ्या दुकानांत मिळतं ते, त्याचा एक धागा सुटून तिच्या पायाला गुंडाळला नि ती रात्रीत कधीतरी उलटी लटकली. सकाळी आईनं झाकण काढलं तेव्हा फडफड चालू होती. पाय पंजाच्या वर वाकडा झालेला, धागा मांसात रुतलेला. काथ्या आणि सुतळी दोन्हीचं हेच आहे, फिंचची नखं बारीक असतात नि अडकली की ती ओढत राहतात. आता आमच्याकडं कुंभार गल्लीतनं आणलेलं बारकं मडकं आहे, बाजूला भोक पाडलेलं, त्यात ना धागा ना काय.

कोल्हापुरात गायीम्हशींचे आणि कुत्र्यांचे डॉक्टर चिक्कार, पण बारा ग्रॅमचं पाखरू हातात धरणारे कमी. एका ठिकाणी तर बघायच्या आधीच "ह्याला काय करणार, दुसरं घ्या" असं उत्तर मिळालं. मग एका कबुतरवाल्या मित्रानं एका मॅडमचा पत्ता दिला. त्यांनी चिंगीला कसं धरलं ते मी डोळे फाडून बघत होतो: पाठ तळहातात, मान पहिल्या दोन बोटांच्या मधे, आणि छाती एकदम मोकळी. का विचारलं तर म्हणाल्या, पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढंमागं हललं तरच हवा आत जाते, छाती दाबून धरली की हातातच जातो. डोक्याला भिंग लावून, बारीक कात्रीनं तो धागा तुकड्या-तुकड्यानं काढला. रक्ताचे दोन थेंब आले तसा लगेच कापूस दाबला, कारण एवढ्या पक्ष्याच्या अंगात सगळं मिळून रक्तच सव्वा मिली असतं. मग कागदी टेपच्या दोन पट्ट्या, पायाच्या एक ह्या बाजूनं एक त्या बाजूनं, मधे पाय, नि कडा चिमट्यानं दाबून बंद. झालं प्लास्टर. हाड दोन-तीन आठवड्यांत धरतं म्हणाल्या, पण तोवर ती जगली पाहिजे, आणि ते औषधापेक्षा उबेवर जास्त आहे.

दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅमचा पातळ केलेला थेंब दिला, वजनावर मोजून. एका दुकानदारानं मला आधी घरातलीच कसली तरी वेदनेची गोळी चुरून द्या म्हणून सांगितलं होतं, ते ऐकून मॅडम जवळजवळ ओरडल्याच. डायक्लोफिनॅक ह्या वेदनेच्या औषधानं गिधाडं कशी संपली माहिती आहे ना, म्हणाल्या, जनावरांसाठी ते २००६ साली बंद केलं ते उगाच नाही. माणसाची गोळी अंदाजानं पक्ष्याला द्यायची नाही. विषय संपला.

तर ऊब. पेटीचा खरा विषय हा. फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्याच्या अंगाचं तापमान ४१ डिग्रीच्या आसपास, आणि एवढ्याशा देहातनं उष्णता भराभर निघून जाते. धडधाकट असताना तो दिवसभर दाणे टिपून ती भरून काढतो, जखमी असला की खाणं कमी, मग पिसं फुगवून बसतो, त्यातच ताकद संपते. म्हणून आजारी पक्ष्याला बाहेरनं २९ ते ३२ डिग्री द्यायची, म्हणजे तीच ताकद हाड जोडायला उरते. आणि आमचं हे सगळं ऐन पावसाळ्यात. घरात दिवसा सुद्धा भिंती घाम फुटल्यासारख्या, कपडे वाळत नाहीत.

पेटी कुरियरनं यायच्या आधी आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यात ४० वॅटचा बल्ब लावून काढलं. ते पण चालतं बरं का, खोटं कशाला बोलू, फक्त तो जुना तारेचा बल्ब आता मिळता मिळत नाही, सगळीकडं एलईडी, आणि एलईडी गरमच होत नाही. शेवटी मिरजकर तिकटीच्या बाजूला एका जुन्या दुकानात धूळ खात पडलेला मिळाला. बल्बचा त्रास असा की लावला तर उजेड आणि बंद केला तर थंडी, पक्षी झोपणार कधी, शिवाय तापमान कमीजास्त करायला बल्ब पुढंमागं सरकवत बसायचं. पेटीनं हा व्याप संपवला, हा तिचा सगळ्यात मोठा पॉइंट. सेट करा नि विसरा.

विसरा म्हणजे थर्मामीटर ठेवून विसरा. पेटीचा सेन्सर वर आहे, हीटरच्या शेजारी, आणि पाय मोडलेला पक्षी बसतो खाली. वर लाल आकडा ३१ दाखवत होता तेव्हा मी ट्रेवर ठेवलेला थर्मामीटर २७ दाखवत होता. चार डिग्रीचा फरक म्हणजे थट्टा नाही. खाली ३० यायला मला वर ३४ सेट करावं लागलं. त्या आठवड्यात सगळं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पाण्याचा आकडा बघत होतं, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि मी घरात बसून दुसराच आकडा बघालोय. जास्त झालं की पक्षीच सांगतो म्हणा, चोच उघडी ठेवून धापा टाकतो, पंख अंगापासून लांब धरतो. तसं दिसलं की लगेच कमी करायचं. पेटीत पळून जायला गार कोपरा नाही ही पण एक खोट, खोक्यात ती सोय होती.

दुसरी तक्रार, आतला लाइट. हीटर चालू की पांढरा एलईडी चालूच, वेगळं बटण नाही. डिझाइन करणाऱ्यानं कधी पक्षी झोपलेला बघितला नसावा. काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, किंचित फट ठेवली कारण फिंच एकदम गडद अंधारात दचकून धडपडतात, मोडक्या पायानं ते नको.

तिसरी, तळाची जाळी. ती पहिल्या मिनिटाला काढून फेका. चांगल्या पायाची बोटं पण अडकतील त्यात. ट्रेवर टिश्यू पेपर अंथरला, तो बदलायला सोपा नि विष्ठा नीट दिसते. पांढऱ्यात गडद गोळी दिसली म्हणजे पोटात जातंय, नुसतं हिरवट पाणीदार डागासारखं दिसलं म्हणजे खात नाहीय, मग डॉक्टरला फोन. टर्किश टॉवेल अजिबात नको, त्याच्या धाग्यात परत नख अडकणार. सोबत आलेल्या खाण्याच्या वाट्या वर टांगायच्या आहेत, त्यांचा उपयोग शून्य. पाण्याच्या बाटलीचं टोपण ठेवलं एक पाण्याला, एक राळ्याला, शिवाय थोडे राळे तिच्या पुढ्यात तसेच टाकलेले. लक्ष्मीपुरीत धान्य लाइनला राळे सुट्टे मिळतात, दुकानातल्या पाकिटापेक्षा ताजे. थोडं उकडलेलं अंडं कुस्करून, थोडी कोथिंबीर, आणि समुद्रफेसाचा (माकूळ माशाच्या आतल्या कवचाचा) तुकडा, तो तर हाडाला पाहिजेच.

वजन रोज सकाळी करा असं मॅडमनी सांगितलं होतं. किचनचा काटा कामाचा नाही, एक ग्रॅम इकडंतिकडं त्याला कळतच नाही. गुजरीत ओळखीचा एकजण आहे, त्याच्याकडनं सोन्याचा खिशातला काटा आणला. प्लास्टिकच्या डबीत चिंगी, काट्यावर ११.८. तो म्हणाला, तोळाभर आहे की रं ही. खरंच, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. ह्यात एक ग्रॅमच्या वर घट झाली तर धोका समजायचा.

पेटीचं एक कौतुक मात्र मनापासून करतो. ती पारदर्शक आहे. फिंच एकटा ठेवला की खचतो, जोडीदाराचा आवाज लागतो त्याला. मोडकं हाड काही संसर्गाचं नाही, त्यामुळं मॅडमनी परवानगी दिली नि पेटी पिंट्याच्या पिंजऱ्याला लागून ठेवली. तीन बाजू सुती कापडानं झाकल्या, चौथी पिंट्याकडं. तो दिवसभर मीप-मीप करायचा. ही आधी नुसती मान वळवायची. मग एका दुपारी आतनं बारीक उत्तर आलं, आणि त्या संध्याकाळी टोपणातल्या राळ्यांची फोलं पडलेली दिसली. फिंच प्रत्येक दाणा सोलून खातो, त्यामुळं फोलं मोजायची, दाणे नाहीत.

लाइट जाते त्याचं काय? अ‍ॅक्रिलिक पातळ आहे, पेटी भराभर गार होते. लेबलवर ६० वॅट लिहिलंय, साध्या इन्व्हर्टरवर आरामात चालते. इन्व्हर्टर नसेल तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून बाहेरनं टेकवायची. आणि नवी पेटी आणली की आधी रिकामीच गॅलरीत तापवून तिचा प्लास्टिकचा वास घालवा, पक्ष्यांची फुप्फुसं वासाच्या बाबतीत लई नाजूक. अगरबत्ती, मच्छरची कॉइल, नॉनस्टिक तवा जास्त तापवणं, सगळं त्या खोलीत बंद. आईनं अगरबत्तीवरनं थोडी कुरकुर केली, "देवाला काय सांगू मी?" म्हणाली, मग स्वतःच निरांजनावर भागवलं.

टेप काढल्यावर पाय जरासा वाकडा राहिलाय. काडीवर बसते, पंजा आवळते, त्या बाजूनं डोकं खाजवता येत नाही एवढंच. मोठ्या पिंजऱ्यात नेताना एकदम नाही नेलं, पेटी रोज एक-दोन डिग्री उतरवत खोलीच्या तापमानाला आणली. काड्या अजून खालच्याच ठेवल्यात.

कुणी घ्यावी? दोन-चारच्या वर पक्षी असतील, नाहीतर पिल्लं काढत असाल तर घ्याच. एकच जोडी असेल तर खोकं नि बल्ब तयार ठेवा, बल्ब आजच शोधून ठेवा, गरज पडेल त्या रात्री मिळणार नाही. आणि एका ओळखीच्यानं विचारलं की त्याच्या पोरानं पकडलेल्या मुनियासाठी चालेल का. भावा, मुनिया आपल्याकडची रानातली, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिला पाळताच येत नाही, जखमी असेल तर वनखात्याला कळव, पेटी विकत घेऊ नको.

सध्या आमची पेटी कसबा बावड्यात एका मित्राकडं आहे, त्याच्या बजीला, म्हणजे छोट्या पोपटाला, सर्दीसारखं झालंय. ते संसर्गाचं असू शकतं, म्हणून परत येताना ट्रे, जाळी, भिंती सगळं जंतुनाशकानं धुऊन, उन्हात वाळवूनच घेणार. जाळी त्यानं ठेवून घेतली तरी चालेल.