थारच्या मागच्या पोलादी बंपरचे अकरा महिने

माझी महिंद्रा थार २०२१ सालची, डिझेल, पक्क्या छपराची. कंपनीचा मागचा बंपर प्लास्टिकचा असून पहिल्या दोन वर्षांत तो दोनदा फाटला. पहिल्यांदा पौडच्या पुढे एका ओढ्यातून बाहेर येताना त्याचे टोक काठाच्या दगडात अडकले. दुसऱ्यांदा चिखलात रुतलेली गाडी मागे घेताना अख्खा डावा कोपरा क्लिपांसकट निखळून हातात आला. तिसऱ्यांदा प्लास्टिकवर पैसे घालण्याऐवजी मी भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून पोलादी बंपर करून घेतला. पाऊस लागायच्या आठवडाभर आधी तो बसवला, त्याला आता अकरा महिने होत आले. त्यातले पहिले पाच महिने तो कायम गाडीवर होता आणि नंतरचे सहा महिने फक्त कच्च्या वाटेवर जाताना लावला जातो. असे का, ते ओघात येईलच.

पहिला वाद पत्र्याच्या जाडीवरून झाला. “साहेब, पाच एमएमच घ्या, जन्मात परत यायला नको,” असे फॅब्रिकेटरचे म्हणणे होते. पोलादाचे वजन काढणे मात्र कोणालाही जमण्यासारखे आहे: एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. माझ्या बंपरचा उलगडलेला पत्रा साधारण १७०० बाय ४५० मिलिमीटरचा होता, म्हणजे पाच मिलिमीटरमध्ये नुसता पत्राच ३० किलोचा झाला असता; चार मिलिमीटरमध्ये तो २४ किलोवर भागला. त्यावर आठ मिलिमीटरचे ब्रॅकेट, दोन रिकव्हरी पॉइंट (रुतलेली गाडी ओढायला दोर अडकवायच्या जागा) आणि आतले आधार धरून तयार बंपर भंगारवाल्याच्या काट्यावर ३६ किलो भरला. मूळ बंपर मी एका हाताने उचलून माळ्यावर टाकला होता, हे आठवले की फरक ध्यानात येतो. शिवाय अशा वस्तूचा ताठपणा जाडीपेक्षा पत्र्याला दिलेल्या घड्यांतून अधिक येतो. वरची आणि खालची कड आत वळवून घेतल्याने चार मिलिमीटरचा पत्राही दगडावर टेकल्यावर दबला नाही.

हे ३६ किलो गाडीत नेमके कुठे बसतात, याचा विचार करून घेण्याची माझी तयारी फॅब्रिकेटरपेक्षा जास्त होती, कारण गाडी मलाच चालवायची होती. बंपर मागच्या अ‍ॅक्सलच्या सुमारे पाऊण मीटर मागे लटकतो आणि थारच्या दोन अ‍ॅक्सलमधले अंतर २४५० मिलिमीटर आहे. तराजूच्या हिशोबाने पाहिले तर मागच्या चाकांवर ३६ नव्हे, ४७ किलो वाढतात आणि पुढची चाके ११ किलोने हलकी होतात. सपाट रस्त्यावर मला स्टिअरिंगमध्ये फरक जाणवला नाही. मागच्या चाकावरील कमानीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजली, तेव्हा ती आठ मिलिमीटरने उतरलेली दिसली. मागे दोन माणसे आणि सामान असताना गतिरोधकावरून गाडी पूर्वीपेक्षा थोडी अधिक बसते. डिझेलच्या खर्चात मोजता येईल असा फरक आढळला नाही.

मापे घेताना गाडीवर वेल्डिंग करायचे नाही आणि चासीत नवे भोक पाडायचे नाही, अशा दोन अटी मी घातल्या होत्या. पुठ्ठ्याचे साचे कापून, ते चिकटपट्टीने गाडीला लावून, त्यावरून पत्रा कापला गेला आणि ब्रॅकेट चासीच्या टोकाशी कारखान्यातूनच असलेल्या भोकांत बसवले. तरीही शेवटच्या दिवशी “दोनच टाके मारतो, जागेवरच” असा आग्रह झालाच. वेल्डिंगचा प्रवाह गाडीच्या विजेच्या जाळ्यातून कुठे वाट काढील याचा भरवसा नसतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, स्वस्त येत नाही, म्हणून मी बंपर उतरवायला लावला आणि टाके टेबलावर मारून घेतले. त्यात दीड तास गेला आणि चहा माझ्याकडून झाला.

या अकरा महिन्यांत सर्वांत मोठी चूक निघाली ती रिकव्हरी पॉइंटमध्ये, आणि ज्यांना असा बंपर करून घ्यायचा आहे त्यांनी निदान एवढा भाग तरी नीट वाचावा. पहिल्या बनावटीत वीस मिलिमीटर जाडीचे दोन डोळे, म्हणजे भोक असलेले पोलादी तुकडे, बंपरच्या दर्शनी पत्र्यावर बाहेरून वेल्ड करून दिले होते. वेल्ड दिसायला देखणा होता, एकसारख्या लाटांचा. जुलैमध्ये भाताच्या खाचराच्या कडेला बुडालेली एक बोलेरो मी लवचिक दोराने ओढली. हा दोर ताणला जाऊन झटक्याची ऊर्जा साठवतो आणि मग सोडतो, त्यामुळे ओढ सौम्य असते, पण लहान नसते. बोलेरो निघाली. घरी येऊन बंपर धुताना उजव्या डोळ्याभोवती हात फिरवला, तर पत्रा पोट आल्यासारखा बाहेर आलेला होता. पोलादी पट्टी आडवी ठेवून पाहिले तेव्हा मधोमध तीन मिलिमीटरची फट दिसली आणि डोळ्याच्या वरच्या बाजूला रंगाला केसाएवढी चीर गेली होती.

दोष वेल्डचा नव्हता, मांडणीचा होता. दोराची सारी ओढ चार मिलिमीटरच्या पत्र्याला सोलून काढण्याच्या दिशेने जात होती. चासीपर्यंत ती पोचत होती ती पत्र्यामार्फत. तो डोळा सुटला असता तर ताणलेल्या दोराबरोबर दीड किलोचा पोलादी तुकडा समोरच्या काचेच्या दिशेने गेला असता. अशा रीतीने माणसे दगावली आहेत. दुसऱ्या बनावटीत पत्र्याला उभी खाच पाडून डोळा आरपार आत नेला, तो थेट चासीला बोल्टने बसणाऱ्या ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी वेल्ड केला आणि दर्शनी पत्र्याला फक्त झाकणापुरता जोडला. ब्रॅकेटचे बोल्ट १२ मिलिमीटरचे, ८.८ ग्रेडचे असून ते सुमारे ८५ न्यूटन-मीटरवर टॉर्क रेंचने आवळले जातात. डोळ्यात दोर अडकवायला शॅकल, म्हणजे पिन असलेली पोलादी कडी, लागते; पाऊण इंची शॅकलची सुरक्षित भारक्षमता ४.७५ टन असते आणि तिची पिन सुमारे २२ मिलिमीटरची. तिच्यासाठी भोक २५ मिलिमीटरचे ठेवून त्याच्या कडा गोल घासून घेतल्या. त्यानंतर पाच वेळा गाड्या ओढल्या आहेत आणि पट्टी अजून सपाट बसते. या बदलाचे पैसे फॅब्रिकेटरने घेतले नाहीत, मात्र “इतकी वर्षे असेच देतोय, कोणाची तक्रार नाही” हेही ऐकवले.

मागच्या सेन्सरांनी पहिला महिना डोके उठवले. रिव्हर्स गिअर टाकताच मागे कोणी नसतानाही ते ओरडत. हे सेन्सर मनुष्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून परत येणाऱ्या लहरी मोजतात, आणि पत्र्यात घट्ट ठोकून बसवले की पत्राच थरथरून त्यांना खोटी खबर देतो. भोके थोडी मोठी करून प्रत्येक सेन्सरभोवती जाड रबरी कडे बसवले, तेव्हा तो त्रास थांबला. उरलेला दोष घडीच्या कोनाचा होता: पत्रा खाली झुकलेला असल्याने दोन सेन्सर जमिनीकडे पाहत होते. त्यांच्यामागे पाचरीसारखी कडी घालून तोंड सरळ केले. पत्रा कापण्याआधीच हे ठरवले असते तर पुन्हा रंगकाम करावे लागले नसते.

रंग हा दुसरा कच्चा दुवा. पावडर कोटिंग चकचकीत आले, पण खाली झिंकचा प्रायमर नव्हता, आणि पावडरच्या थराला एकदा दगडाचा ओरखडा गेला की ओल त्याखाली सरकत जाते. ऑक्टोबरात हर्णैला दोन दिवस राहून आलो. परतल्यावर आठवडाभरात खालच्या कडेला तांबूस फोड आले, आणि टाचणीने फोड उचलला तर आत नखाएवढी गंजाची पापडी निघाली. कारण शोधताना कळले की खालची वळवलेली कड म्हणजे पाण्याची पन्हळच झाली होती. चिखल, खारे पाणी आणि वाळू तिच्यात साचत असे, बाहेर जायला वाट नव्हती. १२ मिलिमीटरची सहा भोके पाडल्यावर पाणी निथळू लागले. सगळा भाग घासून झिंक प्रायमर आणि दोन घटकांचा साधा काळा रंग दिला. तो दिसायला कमी देखणा आहे, पण ओरखडा गेला की घरीच ब्रशने डागता येतो. सायलेन्सरच्या नळीपासून बंपर निदान दीड सेंटिमीटर दूर हवा, हेही याच काळात समजले. इंजिन रबरी आधारांवर हलते, तशी नळीही हलते, आणि चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ती बंपरवर अशी वाजत असे की कोणीतरी मागून पातेले बडवत आहे.

ज्यासाठी हे सारे केले, ते काम बंपरने चोख केले. त्याची टोके वर उचललेली असल्याने मागे उतरताना जमिनीला लागण्याचा कोन कमी झालेला नाही, आणि दोन वेळा गाडीचे सगळे मागचे वजन कातळाच्या पायरीवर येऊनही फक्त रंग गेला. उलट बाजूही सांगितली पाहिजे. सोसायटीत मागे घेताना एकदा फाटकाच्या खांबाला टेकलो. वेग चालण्याएवढाही नव्हता. प्लास्टिकने तो धक्का गिळला असता. पोलादाने तो जसाच्या तसा चासीला दिला, आमच्या माना हलल्या आणि खांबाचा गिलावा खाली आला. सेक्रेटरींच्या वहीत माझ्या नावावर आठशे रुपये पडले. तिथे खांबाऐवजी दुचाकीस्वार असता तर काय, हा विचार त्या दिवसापासून मनातून गेला नाही.

विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी एजंटने गाडीचे फोटो मागितले, आणि मग मी कायदा वाचला. तो आधी वाचायला हवा होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅश गार्ड आणि बुल बार, म्हणजे गाडीला बाहेरून लावलेल्या धातूच्या संरक्षक दांड्यांवर, कारवाई करण्याबाबत राज्यांना कळवले, तर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा तोच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. “सगळेच लावतात” हे उत्तर चौकात चालते, अपघातानंतर चालत नाही.

म्हणून आता बंपर पौडच्या पुढे मावसभावाच्या शेतातल्या पडवीत असतो. आमची कच्ची वाट त्याच्याच बांधावरून सुरू होते. तिथे पोचलो की प्लास्टिकचा बंपर उतरवून हा चढवतो. दोघे असलो तर पन्नास मिनिटे लागतात, एकट्याने जॅकवर पेलत बसवायला दीड तास. सेन्सरच्या तारेला मध्ये प्लग दिल्यामुळे हे शक्य झाले. नायलॉनच्या कड्याचे नट पुन्हा पुन्हा वापरले की सैल पडतात, म्हणून त्यांची एक पिशवी तिथेच ठेवली आहे आणि दर वेळी नवे लावतो.

एकूण खर्च, दुरुस्त्या आणि दुसरा रंग धरून, २६,४०० रुपये झाला. पुन्हा करून घेतला तर पत्रा तीन मिलिमीटरचा घेईन आणि डोळे, ब्रॅकेट आहेत तसेच ठेवीन. नुसत्या पत्र्यात सहा किलो वाचतील आणि पडवीतून गाडीपर्यंत नेताना कंबरेला ते कळेल. हाय-लिफ्ट जॅकसाठी हौसेने पाडून घेतलेल्या दोन खाचा अकरा महिन्यांत एकदाही वापरल्या नाहीत. सध्या त्यातल्या एकीत कुंभारमाशीने घर केले आहे. मूळ बंपरच्या मात्र सततच्या काढघालीने आणखी तीन क्लिपा तुटल्या असून डावा कोपरा आता काळ्या केबल टायवर उभा आहे.