आईची नऊवारी गेली, आणि गोधडी आली उशीच्या अभ्र्याएवढी

लिहू की नको असं तीन आठवडे चाललं होतं. घरात नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही. पण काल मैत्रिणीनं तशाच एका पेजची लिंक पाठवून ‘बाळासाठी घेऊ का गं?’ विचारलं, आणि राहवलं नाही.

‘आठवणींची गोधडी’ हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. जुन्या साड्या पाठवायच्या, ते धावदोरा घालून गोधडी शिवून देतात. आई जाऊन आठ महिने झाले होते. माझी मुलगी तीन वर्षांची. आजीच्या लुगड्याची गोधडी तिच्या अंगावर असावी, एवढंच मनात होतं. मी काही डोळे मिटून पैसे पाठवणारी बाई नाही. पेजचे अकरा हजार फॉलोअर्स पाहिले, खाली बायकांच्या कमेंट वाचल्या, फोनवरच्या बाईशी दोनदा बोलले. ‘ताई, काळजीच करू नका, आईची माया आहे ती, जपूनच शिवणार.’ हे वाक्य अजून कानात आहे.

साइज विचारली तर उत्तर आलं: ‘किड्स साइज, 40 बाय 60.’ मी इंच समजले. कोण समजणार नाही? लहान मुलांच्या गोधडीचं बोलताना आपण इंचच धरतो. 40 बाय 60 इंच तीन वर्षांच्या मुलीला उत्तम. तिची उंची 95 सेंटिमीटर, म्हणजे साधारण 37 इंच. पायाखाली खोचून पाच-सहा वर्षांपर्यंत पुरली असती.

पैसे असे गेले. शिलाई 1,850: त्यातले 1,000 आगाऊ, 850 पाठवणीआधी. माझं कुरियर 180. मधेच ‘ताई, साइज मोठी आहे, अस्तर जास्त लागलं’ म्हणून 600. आणि शेवटी, गोधडी आल्यावर, बदलून देण्यासाठी ‘पिकअप चार्ज’ 349. एकूण 2,979 रुपये. तो शेवटचा 349 चा आकडा मला सगळ्यात जास्त झोंबतो. फसले आहे हे कळल्यानंतर तो भरलाय मी.

आता त्या फोटोबद्दल. पाठवणीआधी त्यांनी टेप लावलेला फोटो पाठवला. गोधडीची कड, तिच्यावर टेप, आणि कडेला बरोबर 60 चा आकडा. मी नवऱ्याला दाखवला, म्हटलं बघ, किती चोख काम आहे. लगेच 850 पाठवले. नंतर तोच फोटो मोठा करून पाहिला तेव्हा हातपाय गार पडले. शिंप्याची टेप 60 इंचांची असते. 60 इंच भरले असते तर कडेशी टेपचं पितळी टोक दिसायला हवं होतं. फोटोत टेप कडेच्या पुढे चांगली लांब लोंबत होती. आकडेही दाटीवाटीनं, 58, 59, 60 एका बोटाच्या अंतरात. टेपची सेंटिमीटरची बाजू होती ती! माझी आई आयुष्यभर शिवणकाम करायची, टेप माझ्या हातातली आहे लहानपणापासून. तरी दिसलं नाही. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, फोनच्या स्क्रीनवर पाहिलं होतं; त्याहून वेगळं कारण माझ्याकडे नाही.

पार्सलमध्ये आलं ते 40 बाय 60 सेंटिमीटर. सोळा इंच बाय चोवीस. उशीचा अभ्रा असतो तेवढं. कापडही आमचं नाही, छापील काहीतरी, मशीनचे टाके. फोन केला तर बाई म्हणाली, ‘आम्ही इंच कधी लिहिलं होतं?’ चॅट पाहिलं. खरंच नव्हतं लिहिलं. म्हणून सांगते, एकक अक्षरात लिहून घ्या. ‘इंच’ हा शब्द त्यांच्याकडून टाइप करून घ्या.

दुसरी खूण तर आणखी उघड होती. ‘जरीकाठाची असेल तर बरं’ म्हणाले होते. लहान मुलाच्या गोधडीला जर? टोचते ती! गोधडी शिवणारी कुठलीही बाई जर उसवून बाजूला काढते. पण जुन्या जरीला बाजारात भाव आहे. मी सुती लुगड्याबरोबर आईची लग्नातली नऊवारीही पाठवली. आणि दोन लुगडी हवीतच कशाला होती? साध्या सहावारीच्या चार घड्या घातल्या की 54 इंच लांब आणि पन्ह्याएवढी, म्हणजे 45 इंच रुंद, चार पदरी गोधडी होते. मुलाला एक साडी पुरते.

तक्रारीचं ऐका. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार वैध आहे. पोलीस ठाण्यात दीड तास बसवून विचारलं, ‘मॅडम, पार्सल मिळालं ना? मग ही फसवणूक नाही, ग्राहकाचा वाद आहे.’ ग्राहक तक्रारीसाठी गेले तर विक्रेत्याचा पत्ता हवा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला ग्राहक आयोगात फी नाही, हे मलाही माहीत आहे. पण नोटीस कुठे पाठवायची? मी लुगडी ज्या पत्त्यावर पाठवली तो कुरियरचाच काउंटर निघाला. कुरियरवाले म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा. पुन्हा पोलीस ठाण्यात. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे, खोटं सांगून वस्तू काढून घेणं त्यात येतं, असं मी म्हणाले तर ‘अर्ज ठेवून जा.’ अर्जात लुगड्यांची किंमत काय लिहू विचारलं. समोरचा माणूस वर न बघता म्हणाला, ‘जुने कपडे ना? काही लिहू नका.’ मी बाहेर येऊन पायरीवर बसून रडले. पत्ता शोधायचं काम माझं असेल तर त्यांचं कोणतं?

तुमचे पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. मी बदलून मिळण्याची वाट बघत नऊ दिवस घालवले. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. पाकिटावर माप, बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आहे का बघा, नसेल तर त्याचाही फोटो ठेवा. मापाचा फोटो नको, व्हिडिओ मागा, शून्यापासून टोकापर्यंत. आणि ही पेजेस तान्ह्या बाळासाठी गोधडी-उशीचे सेट विकतात; वर्षाच्या आतलं बाळ झोपतं तिथे गोधडी, उशी ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते कुठे लिहिलेलं नसतं. आईबापाच्या वस्तू कुरियरनं पाठवू नका. शिवणारीच्या घरी जा, समोर बसा.

नऊवारी जांभळ्या रंगाची आहे. काठ हिरवा, पदराच्या डाव्या कोपऱ्यात आईनं रफू केलेला दोन बोटांचा चौकोन, किंचित फिक्या दोऱ्यानं. जुन्या साड्यांच्या दुकानात कुणाला दिसली तर ठेवून घ्यायला सांगा. मी पैसे देऊन घेईन.