प्लेयर्स हँडबुक २०२४: हातघाईवर येणाऱ्या मांत्रिकाचं काय?

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायचा खेळ, त्याच्या नव्या नियमपुस्तकाची, प्लेयर्स हँडबुकची तारीफ सगळ्यांनी करून झालीये. ३८४ पानं, चित्रं भारी, गोष्टी पटकन सापडतात, सगळं कबूल. मला बोलायचंय फक्त हातघाईच्या स्पेलबद्दल, म्हणजे शत्रूच्या अंगाला भिडून टाकायचे ते मंत्र, कारण मी कायम तसलाच मांत्रिक खेळतो आणि पहिल्या तीन राउंडात आडवा होतो.

हिशोब सोपा आहे राव. विझार्डचा, म्हणजे मांत्रिकाचा हिट डाय (जीव किती ते ठरवणारा फासा) डी६, म्हणजे सहा बाजूंचा, पहिल्या लेव्हलला एखाद्या ओगर राक्षसाचा सोटा नीट बसला की विषय संपला. मग एवढा जीव मुठीत धरून पुढे गेल्यावर डॅमेज तरी लांबून मारणाऱ्यापेक्षा चांगला पाहिजे ना? २०१४ च्या पुस्तकातच हे गंडलं होतं. क्लेरिकचा, म्हणजे पुजाऱ्याचा इन्फ्लिक्ट वूंड्स ३डी१०, म्हणजे दहा बाजूंचे तीन फासे, सरासरी साडेसोळा, पण हात लावायला जायचं. त्याच लेव्हलचा गायडिंग बोल्ट ४डी६, सरासरी १४, तो १२० फुटांवरून आणि वर पुढच्या हल्ल्याला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा) फुकट. अडीच पॉइंटसाठी कोण कडमडायला जाणार तिथे? मला वाटलं नव्या पुस्तकात सुधारतील, तर यांनी इन्फ्लिक्ट वूंड्सच २डी१० वर आणला आणि अटॅक रोल (वार लागतो का ते आपण फासा टाकून बघायचं) काढून कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (शत्रूने आपल्या काटकपणावर फासा टाकून वाचायचं) टाकला, म्हणजे २० पडून डॅमेजचे फासे दुप्पट झाल्यावर टेबलावर जो आरडाओरडा व्हायचा तोही गेला. सेव्ह झाला तरी अर्धा डॅमेज जातो, ठीके, पण मोठ्या राक्षसांचं कॉन्स्टिट्यूशनच तर दणकट असतं.

व्हॅम्पिरिक टच तर विचारूच नका. तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी), ३डी६, अर्धं आपल्याला परत मिळतं. त्याच स्लॉटमध्ये फायरबॉल ८डी६, तोही १५० फुटांवरून अख्ख्या टोळक्यावर. टच मिनिटभर चालतो हे खरंय, पण कॉन्सन्ट्रेशन लागतं, मार बसला की तुटू शकतं, आणि आपण उभे कुठे, तर शत्रूच्या नाकासमोर. शॉकिंग ग्रास्पला लोखंडी चिलखतवाल्यांवर ॲडव्हांटेज मिळायचा, तोही काढला.

आता चांगलं. ट्रू स्ट्राइक आधी इतका भंगार होता की आमच्यात कोणी घेतला की हसायचे. आता सरळ शस्त्राने वार करायचा, ताकदीऐवजी आपला स्पेलवाला ॲबिलिटी स्कोअर वापरायचा, पाचव्या लेव्हलपासून वर एक डी६ जास्त. मजा आली खेळायला. फक्त गंमत अशी की हाच स्पेल क्रॉसबोवरही चालतो, म्हणजे शहाणा माणूस परत मागेच उभा राहणार.

शिलेली, म्हणजे सोट्यावर टाकायचा स्पेल, मात्र एक नंबर. लेव्हलबरोबर डॅमेज डाय वाढत जातो आणि मॅजिक इनिशिएट हे स्पेल देणारं जादा कौशल्य सुरुवातीलाच बॅकग्राउंडबरोबर किंवा ह्यूमन पात्र घेऊन मिळू शकतं, त्यामुळे कोणालाही घेता येतो. आमच्यातला एक पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, ताकदीऐवजी करिश्मावर सोटा फिरवतो, एक्स्ट्रा अटॅकलाही लागू होतं, दिसायला येडं आहे पण चालतं. बूमिंग ब्लेड आणि ग्रीन-फ्लेम ब्लेड हे शस्त्रावर टाकायचे स्पेल या पुस्तकात नाहीत, आमच्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) टाशावाल्या जुन्या पुस्तकातले (टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग) तसेच चालू ठेवलेत.

पॅलाडिनचं डिव्हाइन स्माइट (वार लागला की वर जादा डॅमेज) आता बोनस ॲक्शनचा, म्हणजे टर्नला एकच मिळणाऱ्या जादा कृतीचा स्पेल झालाय त्यामुळे एका टर्नला एकदाच. पॅलाडिनवाले बोंबलतायत. मला पटलंय, आधी एकाच टर्नमध्ये दोन-दोन स्माइट ठोकून बॉस संपवायचे आणि बाकीचे चहा पीत बसायचे. पण शत्रूने पळताना पाठ दाखवली की हाणायची सोय गेली, कारण बोनस ॲक्शन आपल्याच टर्नला. तेवढं लागलं.

सगळ्यात डोक्यात जातो तो स्टील विंड स्ट्राइक. पाच जणांना ६डी१० चे वार करत फिरायचं, अस्सल तलवारबाजाचा स्पेल. मिळतो कोणाला, तर विझार्डला नवव्या लेव्हलला आणि रेंजरला सतराव्या! वरातीमागून घोडं. सतराव्या लेव्हलपर्यंत कोणाचा कॅम्पेन टिकतो, आमचा तर परीक्षा आल्या की बंद पडतो.

माझ्याकडून पाचात साडेतीन. शस्त्रावर टाकायचे स्पेल मस्त झालेत, नुसता हात लावायचे पाडलेत. आम्ही इन्फ्लिक्ट वूंड्स परत ३डी१० केलाय, सेव्ह तसाच ठेवून, आणि अजून तरी कोणी ओरडलं नाहीये. पैसे घालायच्या आधी एसआरडी ५.२ ची, म्हणजे मूळ नियमांची पीडीएफ बघा, २०२५ पासून फुकट आहे.