स्पेस मरीन की स्किटारी: पहिले सैन्य निवडताना

वॉरहॅमर ४०,००० या टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळाकडे सायबॉर्ग, म्हणजे अर्धे माणूस अर्धे यंत्र असलेल्या सैनिकांच्या ओढीने वळलेल्या माणसापुढे पहिले सैन्य निवडताना बहुधा दोन नावे येतात: स्पेस मरीन आणि स्किटारी. दोघेही मानवी साम्राज्याच्याच बाजूने लढतात आणि दोघांचीही शरीरे जन्मतः होती तशी उरलेली नसतात, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला ती एकाच कल्पनेची दोन रूपे वाटतात. माझ्या मते मात्र या दोन परस्परविरुद्ध कल्पना आहेत, आणि कोणते सैन्य घ्यावे याचे उत्तर बरेचसे त्या विरोधातच दडलेले आहे.

स्पेस मरीन घडतो तो शरीरात भर घालून. पौगंडावस्थेतील मुलाच्या देहात टप्प्याटप्प्याने १९ अवयव बसवले जातात. त्यांत दुसरे हृदय असते, तिसरे फुप्फुस असते, जखमेवर रक्त झटपट गोठवणारा अवयव असतो, आणि शेवटी येते ते कातडीखाली पसरणारे काळे कवच, ज्याच्यामुळे अंगावरचे चिलखत स्वतःच्या शरीरासारखेच हालचालींना साथ देते. २०१७ मध्ये खेळात दाखल झालेल्या प्रायमारिस या नव्या प्रकारच्या मरीनमध्ये ही संख्या २२ वर गेली. या अवयवांचे मूळ असलेले जीन-सीड मरीनच्याच शरीरातील दोन ग्रंथींत तयार होते, म्हणून रणांगणावर पडलेल्या योद्ध्याच्या देहातून अपोथेकरी, म्हणजे मरीनचा वैद्य, त्या ग्रंथी काढून घेतो. साधारण १,००० योद्ध्यांच्या चॅप्टरला, म्हणजे मरीनच्या स्वतंत्र सैन्यदलाला, त्या गमावणे म्हणजे पुढचा योद्धाच गमावणे असते. इतके सारे बदलूनही मरीनला नाव असते, बंधुभाव असतो, शपथ असते आणि ती मोडण्याची ताकदही असते. या विश्वातील सर्वांत मोठे यादवी युद्ध अशा शपथा मोडल्यामुळेच पेटलेले आहे.

स्किटारी घडतो तो वजाबाकीने. मंगळ आणि इतर फोर्ज वर्ल्ड, म्हणजे कारखान्यांचे ग्रह, यांवरील टेक-प्रीस्ट (यंत्रपूजक पुरोहित) देहाला दुबळेपणा मानतात, म्हणून त्यांच्या या सैनिकाचे पाय कापून न थकणारे धातूचे पाय बसवले जातात, आणि टेक-प्रीस्ट दूर बसून त्याच्या डोळ्यांनी पाहू शकतो, वाटल्यास त्याच्या शरीराचा ताबाही घेऊ शकतो. व्हॅनगार्ड या स्किटारी पथकांच्या हातातील रेडियम बंदुका शत्रूबरोबर त्या धरणाऱ्यालाही किरणोत्साराने हळूहळू मारत असतात. मला या सैन्याविषयी आस्था वाटते ती नेमकी इथे, कारण त्या लाल झग्याआड कुणीतरी अजून शिल्लक आहे की नाही, हा प्रश्न ती मिनिएचर, म्हणजे खेळातील छोट्या प्रतिकृती, रंगवताना सतत समोर राहतो.

खेळाचे नियमही हाच फरक पाळतात. २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत मरीनना शपथेचा नियम मिळाला आहे: खेळाडू शत्रूचे एक पथक निवडतो आणि त्याच्यावर हल्ला करताना नेम चुकलेले फासे पुन्हा टाकतो. स्किटारींना मिळते ती आज्ञा. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला दोन आज्ञांपैकी एक निवडायची असते. एकीत जागच्या जागी उभे राहून नेम अधिक अचूक साधता येतो, तर दुसरीत धावत पुढे जाऊनही गोळीबार करता येतो. त्यातच साध्या प्रायमारिस मरीनचा चिवटपणा ४ आणि जखमा सोसण्याची क्षमता २ असते, तर स्किटारीच्या बाबतीत हे आकडे ३ आणि १ असे आहेत. साहजिकच मरीनच्या सैन्यात नवख्याची एखादी चूक खपून जाते. स्किटारींच्या सैन्यात चुकीच्या फेरीला चुकीची आज्ञा निवडली, तर पथकेच्या पथके उचलून बाजूला ठेवावी लागतात.

खर्च आणि वेळ यांचा हिशोब थोडक्यात सांगता येतो. खेळात प्रत्येक पथकाची किंमत गुणांत मोजतात, आणि तेवढ्याच गुणांच्या सैन्यासाठी स्किटारींची मिनिएचर जास्त लागतात, म्हणजे खरेदी जास्त आणि रंगकामही जास्त. मरीनचे चिलखत मोठ्या, गुळगुळीत पृष्ठभागांचे असल्यामुळे हात बसलेला नसला तरी रंग नीट दिसतो. स्किटारींच्या नळ्या, तारा, बारीक अँटेना आणि काटकुळे पाय संयमाची परीक्षा पाहतात, आणि ने-आण करताना मोडतात तेही हेच भाग. नव्या आवृत्तीच्या पहिल्या मोठ्या संचात मरीन अनेकदा असतात, त्यामुळे ते जुन्या बाजारातही सहज मिळतात.

निव्वळ खेळ शिकायचा असेल, तर मी मरीनच सुचवेन. पण सायबॉर्ग या कल्पनेनेच ज्याला इथवर आणले आहे, त्याने सोयीसाठी मरीन घेऊ नयेत असे मला मनापासून वाटते, कारण मरीन हा मुळात वाढवलेल्या मांसाचा योद्धा आहे आणि यंत्र त्याच्या अंगावर असते. अपवाद आयर्न हँड्स या चॅप्टरचा. तिथे नवा योद्धा आपला डावा हात काढून त्या जागी लोखंडी हात बसवून घेतो, आणि वय वाढेल तसा देहाचा आणखी भाग यंत्राला देत जातो. नेहमीचेच मरीन संच घेऊन काळ्या रंगात हे सैन्य उभे करता येते. तरीही मन स्किटारींकडेच झुकत असेल, तर आधी दहा सैनिकांचा एकच संच घ्यावा, ज्यातून रेंजर किंवा व्हॅनगार्ड यांपैकी हवे ते पथक जोडता येते, आणि ते दहाही सैनिक पूर्ण रंगवून झाल्यावरच दुसरा संच घ्यायचा की नाही ते ठरवावे.