विनबीजीआयएम: शिकण्यास उत्तम, बसवण्यास किचकट

अभियांत्रिकीच्या कॉम्प्युटर ग्राफिक्स प्रात्यक्षिकांत डीडीए आणि ब्रेझनहॅम या रेषेचे ठिपके ठरवणाऱ्या पद्धतींनी रेषा काढण्यासाठी बोरलँड कंपनीच्या बीजीआय या जुन्या ग्राफिक्स लायब्ररीचा विंडोजवर चालणारा अवतार, म्हणजे विनबीजीआयएम, आजही वापरला जातो. पुटपिक्सेल हे पडद्यावर एक ठिपका रंगवणारे एकच फंक्शन हाताशी धरून अल्गोरिदमचा प्रत्येक ठिपका विद्यार्थ्याने स्वतः ठेवावा, ही सोय मला मोलाची वाटते. आधुनिक ओपनजीएल या ग्राफिक्स प्रणालीत शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम, लिहिल्याशिवाय पहिला त्रिकोणही दिसत नाही.

अडचण आहे ती ही लायब्ररी बसवताना. इंटरनेटवर सर्रास फिरणाऱ्या तिच्या ग्राफिक्स.एच या हेडरच्या, म्हणजे फंक्शनच्या घोषणा असलेल्या फाइलच्या, ३०२व्या ओळीत, प्रिंटइमेज या फंक्शनच्या घोषणेत, 'राइट' हे नाव दोन पॅरामीटरना दिलेले आहे. त्यामुळे आपल्या प्रोग्राममध्ये काहीही चूक नसताना कंपायलर पुनर्व्याख्येची तक्रार करतो. त्यातील पहिल्या 'राइट'च्या जागी 'टॉप' लिहिले की ही तक्रार संपते. आपल्या प्रोग्रामच्या फाइलचे नाव .सी असेल, तर एसस्ट्रीम हे हेडर सापडत नाही असा संदेश येतो, कारण ही लायब्ररी सी++ साठी लिहिलेली आहे. अशा वेळी एसस्ट्रीम शोधत बसू नये, फाइलला .सीपीपी हे नाव द्यावे.

त्याहून फसवा प्रकार नावांच्या टकरीचा आहे. ग्राफिक्स.एच आपल्यासोबत विंडोजचे स्वतःचे हेडर, विंडोज.एच, आणते आणि त्यात रेक्टँगल नावाचे फंक्शन आधीपासूनच असते. विद्यार्थ्याने त्याच नावाचा क्लास लिहिला, तर क्लासची व्याख्या बिनतक्रार स्वीकारली जाते, मात्र त्याचा ऑब्जेक्ट घोषित करताना ते नाव फंक्शनचे समजले जाते आणि त्रुटी भलत्याच ओळीवर दिसते. क्लासचे नाव बदलणे हाच सरळ उपाय.

हेडर निस्तरल्यावर प्रोग्रामला लायब्ररीशी जोडणारा लिंकर अडतो. सोबत मिळणारी लिबबीजीआय.ए ही लायब्ररीची फाइल बहुधा ३२ बिटची असते आणि ६४ बिटच्या मिनजीडब्ल्यू या कंपायलर-संचाचा लिंकर ती विसंगत ठरवून वगळतो, म्हणून कंपायलरही ३२ बिटचाच घ्यावा. ग्राफिक्स सुरू करणाऱ्या इनिटग्राफ या फंक्शनमध्ये टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या फोल्डरचा मार्ग देण्याची गरज नाही, रिकामी स्ट्रिंग पुरते.

पहिल्या वर्षाच्या मुलांना या कटकटीला एकट्याने तोंड द्यायला लावणे मला अन्यायाचे वाटते. प्रयोगशाळेतील शिक्षकांनी दुरुस्त केलेले हेडर आणि त्याला जुळणारा कंपायलर प्रत्येक संगणकावर आधीच बसवून ठेवावा.