शिक्षक भरतीच्या मुलाखतीच्या तयारीचं ॲप सहा महिने वापरलं, आणि त्यातलं ते 'म्हणजे' मोजायचं मीटर

मुलाखतीला चार दिवस राहिले असताना सकाळी ॲप उघडलं तर लाल पट्टी, "आपली वैधता समाप्त झाली आहे". 1,799 रुपये भरले होते, 180 दिवस म्हणाले होते, आणि हे 180 दिवस पैसे भरल्या दिवसापासून मोजतात, आपण पहिल्यांदा उघडलं तिथनं नाही. मी ऑफर संपतीय म्हणून रात्री अकराला घाईत भरले आणि दुसऱ्या दिवशीच जावेचं बाळंतपण निघालं, ॲप उघडलं ते 22 दिवसांनी. गेले ते 22 दिवस. महिनाभर वाढवून पाहिजे तर 599. तेव्हाच ठरवलं की मुलाखत होऊन जाऊ दे, मग बसून सविस्तर लिहिते. झाली मुलाखत. ॲपचं नाव लिहीत नाही, ज्यांनी घेतलंय त्यांना मीटरवरनं कळेलच.

आधी एक सांगते, हे फक्त भरतीत 'मुलाखतीसह' पर्याय घेणाऱ्यांसाठी आहे. ज्यांनी पसंतीक्रमात नुसत्या झेडपी आणि महापालिका टाकल्यात त्यांनी पैसे घालवू नका, तिथं मुलाखतच नाही, मार्कांवर यादी. मी खाजगी शिक्षण संस्था पण टाकल्या (तिथं मुलाखत असते) कारण मला सोलापूर सोडायचं नाही, ह्यांचं दुकान इथं, सासूबाईंच्या गुडघ्यांची ट्रीटमेंट इथं, आणि गडचिरोलीला लागलं तर घर कोण बघणार. आता गंमत बघा, डीएडला (आता डीएलएड म्हणायचं) प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) 150 मार्कांची गोल काळे करून, भरतीची अभियोग्यता चाचणी 200 प्रश्न 120 मिनिटांत माऊस दाबून. सराव पाठ सोडले तर इतक्या वर्षांत मला कुणी समोर बसवून तोंडी काही विचारलंच नाही, आणि एकदम शेवटी संस्थेच्या ऑफिसात मुलाखत आणि पाठ मिळून 30 मार्क. घाबरले म्हणून घेतलं हे ॲप, खोटं कशाला बोलू. नवी पेठेत एक क्लासवाले याचेच पाच हजार सांगत होते.

व्हिडिओंबद्दल फार लिहीत नाही. साडीचा रंग कुठला, खुर्ची कशी ओढायची, फाईल कुठल्या हातात, असलं. दीडपट वेगानं बघितले, दोन दिवसांत संपले.

मॉक (सराव मुलाखती) मात्र सहा. दोन खरा माणूस घेतो, चार मशीन घेतं. मशीनवाल्यात प्रश्न स्क्रीनवर येतो, आपण कॅमेऱ्यात बघून बोलायचं, संपलं की रिपोर्ट. आवाज किती, वेग किती, नजर कुठं होती, आणि सगळ्यात वर मोठ्या लाल आकड्यात "अनावश्यक शब्द". माझा पहिला आकडा 41. खाली फोड: 'म्हणजे' 33, 'की' 6, 'बरं का' 2.

आठ मिनिटांत तेहतीस वेळा! मी हादरलेच. त्या दिवसापासून घरात बोलायची चोरी. ह्यांनी विचारावं भाजी कुठली, मी "शेपू, म्हणजे..." म्हणून जीभ चावायची. मुलगा चौथीत आहे, त्याला खेळच मिळाला, वहीत रेघा मारायला लागला, चार उभ्या एक आडवी, ताळ्याच्या खुणा त्याच्या तेवढ्यावर पक्क्या झाल्या. सासूबाई म्हणाल्या आमच्या वेळी बोलायला शिकवायचे, हे न बोलायला शिकवतंय.

दुसऱ्या मॉकला 'म्हणजे' 19, तिसऱ्याला 4. चार! मी इतकी खूश की त्या रात्री पाच स्टार द्यायला बसले होते, रेंज नव्हती म्हणून राहिलं. बरं झालं राहिलं.

कारण दुसऱ्या दिवशी भांडी झाल्यावर तिसऱ्या मॉकचा व्हिडिओ स्वतः बघितला. बाई बोलतीय की बँकेचं रेकॉर्डिंग वाजतंय तेच कळंना. प्रश्न होता चौथीला परिमिती कशी शिकवाल. मी म्हणतीय, "परिमिती ही आकृतीच्या सर्व बाजूंच्या लांबींची बेरीज असते." आणि गप्प. डोळे मोठे करून कॅमेऱ्याकडं बघतीय नुसती. पुढचं वाक्य मला आठवतंय ना, तोंडात आलं होतं, "म्हणजे समजा आपल्याला शेताला तार मारायचीय, तर किती आणायची?" पण ते 'म्हणजे'नं सुरू होतं म्हणून गिळलं. अहो, शिकवणं नेमकं तिथनंच सुरू होतं! व्याख्या पुस्तकात छापलेलीच आहे, बाईंचा पगार त्याच्या पुढच्या 'म्हणजे'चा आहे.

मग माझं डोकं फिरलं. रिपोर्टमध्ये आपण बोललेलं लिहून पण येतं, पहिल्या मॉकचं ते सगळं पेन घेऊन वाचलं. "हेतुकथन" (आज काय शिकायचं ते पाठाच्या सुरुवातीला सांगणं) त्याला कळलंच नाही, "हे तू कथन" लिहिलंय. पाठ टाचणाची (पाठाच्या लेखी आराखड्याची) टाचणी केलीय. आणि 33 पैकी 20 'म्हणजे' मी खरोखर अर्थ सांगायला वापरलेले, अध्ययन निष्पत्ती म्हणजे अमुक, एकक म्हणजे तमुक. उरलेले 13 उगाच होते, ते मान्य करते, सवय आहे मला. पण 13 ला 33 म्हणायचं आणि वर लाल रंगात? वर्गात मी पोराला असे मार्क दिले तर त्याची आई शाळेत येईल.

कस्टमर केअरला तीन मेल केले. तिन्हींना एकच उत्तर, "प्रिय विद्यार्थी, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे". मग फोन लावला. एक पोरगा होता, आवाज गोड, म्हणाला, "म्हणजे मॅडम कसंय, सिस्टीम शब्द ओळखते, म्हणजे अर्थ नाही ओळखत." मी शांतपणे रेघा मारत होते. चार मिनिटांच्या फोनवर त्याचे नऊ झाले. त्याला सांगितलं तसं, तर खरंच हसला बिचारा. मीटर बंद करायचं बटण आहे का विचारलं तर नाही. रिपोर्टमध्ये तो आकडा झाकता पण येत नाही. नंतर मी स्क्रीनच्या वरच्या बाजूला टिकलीचं पाकीट चिकटवून रिपोर्ट वाचायचे.

पीडीएफ आहे 240 प्रश्नांची. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून, पहिली ते पाचवीला 30 मुलांमागं एक शिक्षक, नव्या धोरणाचं 5+3+3+4, निपुण भारत 5 जुलै 2021 ला सुरू. बरोबर आहे सगळं, पण फुकट मिळतं, याचे पैसे कसले. आणि 'तुमचे आदर्श शिक्षक कोण' याचं तयार उत्तर आहे डिसले सर. परितेवाडीची झेडपी शाळा, 2020 चं ग्लोबल टीचर प्राइज, पुस्तकातले क्यूआर कोड, बक्षिसाची निम्मी रक्कम बाकीच्या नऊ जणांना वाटली. आपल्याच जिल्ह्यातले, माढ्याचे, अभिमान आहेच. पण सोलापुरातल्या मुलाखतीत हे उत्तर प्रत्येक जण देणार एवढं तरी लिहिणाऱ्याला सुचायला पाहिजे होतं. मुलाखतीच्या दिवशी व्हरांड्यात आम्ही तिघं होतो, उरलेल्या दोघांच्या मोबाईलवर हीच पीडीएफ, हेच पान. मी माझ्या दुसरीच्या बाईंचं नाव सांगायचं तिथंच ठरवलं.

आता जे आवडलं ते. इथं माझं मत बदललं, म्हणून एक स्टारवर थांबले नाही.

माणसावाला पहिला मॉक एका निवृत्त केंद्रप्रमुख सरांनी घेतला. त्यांनी पीडीएफ बाजूला ठेवली आणि विचारलं, "बत्तीस म्हणायचं की तीस दोन?" तुम्हाला आठवत असेल, 2019 ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं संख्यावाचन आलं आणि केवढा गोंधळ झाला, टीव्हीवर विनोद, विधानसभेत विनोद. गणित समितीच्या मंगला नारळीकर बाई शांतपणे समजावून सांगत होत्या, की जोडाक्षरांची ही नावं पोरांना जड जातात आणि बोलतो एका क्रमानं, लिहितो दुसऱ्या. मी पीडीएफमधलं पाठ उत्तर दिलं, "नवी पद्धत सोपी व स्वागतार्ह आहे." सर म्हणाले, "ते राहू द्या. तुम्ही सोलापूरच्या ना, वर्गात तेलुगू बोलणारी किती?" मी सध्या पूर्व भागात विनाअनुदानित शाळेत शिकवते, म्हटलं निम्मी. "मग त्यांच्या घरी बत्तीसला काय म्हणतात?"

मला येत नव्हतं. पाच वर्षं त्या पोरांना शिकवतीय आणि येत नव्हतं. लाज वाटली, खरंच.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं. "मुप्पै रेंडु बाई." मुप्पै तीस, रेंडु दोन. शेजारच्या कन्नड काकूंना विचारलं, "मूवत्तेरडु", तिथं पण तीस आधी, दोन नंतर. म्हणजे (मोजा आता) ज्या 'तीस दोन'ला अख्ख्या महाराष्ट्रानं हसून घेतलं ते माझ्या वर्गातली निम्मी पोरं घरात रोज बोलतात, लिहितो तसंच बोलतात, आणि मराठीत बत्तीस ऐकलं की आधी दोन ऐकू येतो म्हणून 23 लिहितात, आणि मी त्यांना निष्काळजी म्हणून पाच-पाचदा लिहायला लावत होते. एकोणतीस तर विचारूच नका, नाव तिसाचं आणि लिहायला सुरुवात दोननं. तेव्हापासून मी दोन्ही म्हणून घेते, आधी तीस दोन, मग बत्तीस, फळ्यावर बोट ठेवून. फरक पडलाय.

हा एक प्रश्न 1,799 मधला निदान हजाराचा होता, हे मी चिडलेली असून लिहितीय. शेवटी सरांना भीत भीत विचारलं, "सर, माझं 'म्हणजे' फार होतंय का?" ते म्हणाले, "कुठलं 'म्हणजे'?"

दुसरा माणसावाला मॉक मात्र दुसऱ्याच कुणीतरी घेतला, तो मधेच फोनवर बोलत होता. नशिबाचा भाग आहे. सर मागून मिळत नाहीत, विचारलं मी.

शेवटचे चार दिवस ॲप बंद. 599 भरले नाहीत, एवढ्यात जावेच्या बाळाला दोन झबली येतात. माळ्यावरनं डीएडची सराव पाठाची वही काढली, संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीवर गल्लीतली पाच-सहा पोरं बसवली, प्रत्येकाला एक एक चिक्की. तयारी म्हणून विचाराल तर मीटरपेक्षा हे शंभर पटीनं भारी, कारण पोरं कंटाळली की उठून जातात, रिपोर्टची वाट बघावी लागत नाही.

मुलाखतीत पाठाला दुसरीची खरी मुलं बसवली होती. दशक-एकक घेतलं. आगकाड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, वर रबर. मी म्हटलं, "हा झाला एक गठ्ठा, किती काड्या?" पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणते, "बाई, कट्टा पंचवीसचा असतोय." विड्यांचा कट्टा. आई विड्या वळत असणार. मागं बसलेले हसले, मी दोन सेकंद थांबले आणि म्हटलं, बरोबर, आईचा कट्टा पंचवीसचा, आपला गठ्ठा दहाचा, म्हणजे आईच्या कट्ट्यात आपले किती गठ्ठे बसतील? तिनं सुट्या काड्या मांडून सांगितलं, दोन, आणि पाच राहतील. टाचणात हे नव्हतं, पण मला त्या दिवशीचं तेवढंच नीट आठवतंय.

मग आत ऑफिसात नेमकं तेच आलं, बत्तीस की तीस दोन. मी म्हटलं दोन्ही, म्हणजे बघा सर, आणि सुरू झाले, तेलुगू, कन्नड, 23 आणि 32, सगळं. जीभ चावली नाही. टेबलाच्या कोपऱ्यातले एक गृहस्थ तोवर गप्प होते, ते स्वतःशीच "मुप्पै रेंडु, मुप्पै मूडु" करत हसले. मार्क किती दिले माहीत नाही. निवड यादी अजून लागलेली नाही.

आणि त्याच संध्याकाळी ॲपवाल्यांचा मेल, "आपल्या तक्रारीची दखल घेऊन सद्भावना म्हणून 7 दिवस वैधता वाढवण्यात येत आहे". मुलाखत झाल्यावर! फुकट आहे तर सोडा कशाला म्हणून उरलेला चौथा मशीनवाला मॉक देऊन टाकला, मुद्दाम ऑफिसात बोलले तसंच्या तसं बोलले. अनावश्यक शब्द 47. मुप्पै रेंडुचं त्यानं काय लिहिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घ्यायचंच असेल तर मुलाखतीला बोलावलेल्यांच्या यादीत नाव आल्यावरच घ्या, आधी अजिबात नाही, दिवस फुकट जातात. दोन माणसावाले मॉक सुरुवातीलाच उरकून घ्या, मशीनवाले नाही दिले तरी चालतील. स्टार अडीच देणार होते, अर्धा देता येत नाही म्हणून तीन, आणि तो वरचा अर्धा सरांचा समजा. पीडीएफ कुणाला पाठवता येणार नाही, मागू नका, प्रत्येक पानावर माझा मोबाईल नंबर आडवा छापलाय, नेमका उत्तरांवर.